खोली

मार्चमधला बुधवार, मेथडिस्ट चर्चचा हॉल.
घडीच्या खुर्च्या, मोठ्या किटलीतला कडू चहा
आणि टेबलावर पसरलेला नकाशा:
लिंकनशरच्या पाणथळ मुलखातलं आमचं गाव
आणखी चार वर्षांनी दिसेल तसं.
अडीच हजार नवी घरं, राखी चौकोन.
गल्ल्यांना पक्ष्यांची नावं. टिटवी, चंडोल, पाणलावा,
जे तिथल्या शेतात होते
खोदकाम सुरू होईपर्यंत.
मधोमध एक निळा आयत.

सगळे त्याच्याभोवती उभे,
विहिरीत वाकून बघावं तसे.

क्लबचा कोच ड्युगल म्हणतो, लेन आठ हव्यात,
सहात बदकं पोहतात.
खजिनदार बाई चष्म्यावरून बघतात. सहा.
मिसेस थॅकरे, वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे नवे,
म्हणतात, लेन गेल्या खड्ड्यात, पाणी कोमट हवं,
एकतीसच्या खाली मी पाय घालणार नाही.
ड्युगल म्हणतो सत्तावीस, एकतीस म्हणजे सूप.
मग एका अंशाला वर्षाला किती पौंड, याचा हिशेब निघतो
आणि बराच वेळ कुणीच काही बोलत नाही.

होदान विचारते, खांद्यावर झोपलेलं पोर सावरत,
आठवड्यातून एक तास मिळेल का, पडदे ओढून,
फक्त बायकांना?
मागे कुणीतरी घसा खाकरतं.
थॅकरेबाई खुर्चीसकट वळतात. मला चालेल तो तास,
माझा पोहायचा पोशाख एक्क्याऐंशी सालचा आहे.

मी कौन्सिलची इंजिनिअर, निचरा खात्यातली.
मला विचारलं की मी सांगते
किती घनमीटर, कुठला पंप,
क्लोरीनचं पाणी ओढ्यात का सोडता येत नाही.
आणि तळाला काँक्रीट जाड हवं,
नाहीतर रिकामी टाकी जमिनीतल्या पाण्यावर
होडीसारखी वर येते.
लोक हसतात. नेहमीच हसतात या वाक्याला.
टाकीला तरंगता येतं.
मला येत नाही.

फलटणच्या अलीकडे, आमच्या मळ्यातल्या विहिरीत
घरातले सगळे मुलगे शिकले
पाठीला सुका भोपळा बांधून.
काका ढकलून द्यायचे,
आणि मुलगा वर यायचाच, आधी भोपळा, मग डोकं.
मी काठावर त्यांचे कपडे सांभाळायचे.
चांगले सांभाळले. एकही सदरा कधी पाण्यात पडला नाही.
भोपळा एकदा कानाशी धरून हलवला होता,
उन्हानं तापलेला, आत बिया वाजत होत्या.

मुद्दा सातवा: खोली किती ठेवायची?

या गावात आले तेव्हा माझ्याकडे एक खोली होती,
मासे-चिप्सच्या दुकानावर, पावणेतीन मीटर बाय तीन,
उशीलासुद्धा तेलाचा वास.
मराठीत दोन्हींना शब्द एकच, हे इथे कुणाला सांगू?
भाडं भरतो ती खोली
आणि पाय टेकत नाहीत तीही खोली.
पहिल्या हिवाळ्यात मला
त्या दोन वेगळ्या करता येत नव्हत्या.

मी म्हणते, नव्वद सेंटिमीटर ते एक मीटर ऐंशी.
सलग उतार, मधे कुठेही पायरी नको.
आणि उथळ बाजू जरा लांब ठेवा.
किती लांब? ड्युगल विचारतो.
आराखड्यात सहा मीटर होती. मी दहा म्हणाले.
कारण विचारलं असतं तर आकडे होते माझ्याजवळ,
पण कुणी विचारलं नाही.
चिटणीसबाईंनी लिहून घेतलं, दहा,
आणि बिस्किटांची थाळी पुन्हा फिरली.

बाहेर, गाडीचं दार धरून थॅकरेबाई म्हणाल्या,
उघडेल तेव्हा मी शहाऐंशीची असेन, असले तर.
ती शिडी ठेवू नकोस हं. पायऱ्या दे, रुंद,
आणि धरायला कठडा.
मी बोनेटवर वही टेकवून लिहिलं:
पायऱ्या, रुंद. कठडा, दोन्ही बाजूंनी.

त्या गेल्यावर
'दोन्ही'खाली एक रेघ मारली.